ढलप्या वाहत आल्या तेव्हा: इ.स. 589 मधलं चीनचं एकीकरण

इ.स. 280 च्या सात-आठ वर्षं आधीची गोष्ट. यांगत्से नदीच्या घळईतून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर लाकडाच्या ढलप्या तरंगत येऊ लागल्या. खालच्या अंगाला वू राज्याची सरहद्द होती. तिथला अधिकारी वू यान याने त्या ढलप्या पाण्यातून वेचल्या आणि राजाकडे नेल्या. वर सिचुआनमध्ये जिन राज्य मोठी जहाजं बांधतंय, इथली शिबंदी वाढवा, असं त्याचं म्हणणं होतं. राजा सुन हाओने लक्ष दिलं नाही. मग वू यानने आपल्या जबाबदारीवर नदीत आडव्या लोखंडी साखळ्या टाकल्या. 280 मध्ये जिनचा सेनापती वांग जुन ते आरमार घेऊन उतरला, तेलात भिजवलेल्या प्रचंड मशालींनी त्याने साखळ्या वितळवल्या आणि सुन हाओ शरण आला. तीन राज्यांत फुटलेला चीन पुन्हा एका सम्राटाखाली आला.

तीनशे वर्षांनी त्याच घळईतून पुन्हा ढलप्या आल्या. या वेळी वर जहाजं बांधत होता स्वे घराण्याचा सेनापती यांग सू, आणि खाली राज्य होतं चेन घराण्याचं. हे काम गुपचूप उरकावं असं दरबारात सुचवलं गेलं, तेव्हा स्वे सम्राट यांग जियान याने ते मोडीत काढलं. आपण दैवाची शिक्षा उघडपणे बजावणार आहोत, त्यात लपवायचं काय? ढलप्या टाका नदीत. ते घाबरून सुधारले तर मला आणखी काय हवं, असं तो म्हणाला. 589 च्या सुरुवातीला चेन घराणं संपलं.

नदी तीच, डावपेच जवळजवळ तेच, बुडणारा राजाही तसाच बेसावध. पण 280 मध्ये जुळलेला देश 24 वर्षांत फाटला. 589 मध्ये जुळलेला देश मात्र ज्या घराण्याने जोडला ते घराणं बुडाल्यावरही फार काळ फुटून राहिला नाही. चीन फुटतो आणि जुळतो, ते त्यांच्या इतिहासाचं चक्रच आहे, असं आपल्याकडे सहज बोललं जातं. मला हे बोलणं नेहमी खटकतं. त्यात माणसांनी केलेलं काम दिसत नाही. 589 च्या आधी शंभर वर्षं आणि नंतर वीस वर्षं जे काम झालं, ते या प्रकरणाच्या मुळाशी आहे. त्यातलं बरंचसं काम तलवारीचं नव्हतं, दप्तराचं होतं.

दोन आकडे

सुन हाओ शरण आला तेव्हा त्याने आपली दप्तरं जिनच्या हवाली केली. त्यात 5,23,000 उंबरे आणि 23,00,000 माणसं होती. चेन घराणं बुडालं तेव्हा स्वेंच्या हाती दक्षिणेची जी दप्तरं आली, त्यातही उंबरे होते साधारण 5 लाख आणि माणसं 20 लाख.

या दोन नोंदींमध्ये तीनशे नऊ वर्षं गेलेली आहेत. या काळात उत्तरेतून लाखो निर्वासित दक्षिणेत आले होते, दलदली उपसून भातखाचरं झाली होती, यांगत्सेच्या काठचं जियानखांग (आजचं नानजिंग) हे जगातल्या मोठ्या शहरांपैकी एक झालं होतं. आणि तरी कागदावर माणसं कमी झालेली. लोक मेले नव्हते, ते नोंदीबाहेर गेले होते. कुणी मोठ्या जमीनदार घराण्याच्या आश्रयाला, कुणी मठाच्या छत्राखाली. निर्वासितांसाठी तर सुरुवातीपासून वेगळी पांढरी नोंदवही होती. स्थानिकांची पिवळी, यांची पांढरी. पांढऱ्या नोंदवहीतल्यांना सारा नाही, वेठ नाही, कारण ते उद्या आपल्या गावी परत जाणार! उत्तरेतल्या हरवलेल्या परगण्यांची नावं देऊन दक्षिणेत कागदी परगणे उभे केले होते, आणि नातवंडं-पणतवंडं झाली तरी ही माणसं तिथलीच ‘पाहुणी’. अधूनमधून एखादा जबरदस्त शासक, 413 मध्ये ल्यू यू सारखा, या पाहुण्यांना राहत्या गावच्या नोंदीत ओढायचा. मग पुन्हा सैल.

ज्या राज्याला आपली माणसं किती हे ठाऊक नाही, त्याला सैन्य किती उभं राहील हेही ठाऊक नसतं. दक्षिणेत एकामागून एक पाच घराणी बसली: पूर्व जिन, ल्यू-सोंग, छी, लियांग, चेन. साहित्य, लेखनकला, बौद्ध तत्त्वचर्चा, सगळं तिथे फुललं. पण प्रत्येक राजाला मोठ्या घराण्यांची मर्जी आणि सेनापतींची भीती यांतच दिवस काढावे लागले.

उत्तरेने काय केलं

फाटाफूट कशी झाली ते थोडक्यात सांगतो. जिनच्या राजपुत्रांनी 291 पासून आपसांत पंधरा वर्षं यादवी केली. 304 मध्ये शिओंग्नू सरदार ल्यू युआनने वेगळं राज्य पुकारलं, 311 मध्ये राजधानी लोयांग जळाली, 316 मध्ये छांगआन पडलं, आणि 317 मध्ये सिमा रुइ नावाच्या राजपुत्राने जियानखांगात जिनचं नाव पुढे चालू ठेवलं. उत्तरेत त्यानंतर शंभरावर वर्षं राज्यं उगवत-मावळत राहिली. फू जियान नावाच्या राजाने 376 मध्ये सगळी उत्तर एका हाताखाली आणली आणि 383 मध्ये दक्षिण जिंकायला निघाला. फेइ नदीच्या लढाईत त्याची धूळधाण झाली आणि त्याचं राज्यच विखुरलं. सैन्य अवाढव्य होतं, पण ते कालपरवा जिंकलेल्या टोळ्यांचं कडबोळं होतं. पहिल्या धक्क्याला जो तो आपल्या वाटेने गेला.

खरं काम केलं ते तुओबा शियानबेई लोकांच्या उत्तर वेइ राज्याने. 439 पर्यंत त्यांनी उत्तर एक केली, पण मला त्यांची 485 आणि 486 ही दोन वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. 485 मध्ये त्यांनी जमीनवाटपाचा कायदा केला. प्रौढ पुरुषाला 40 मू (मू हे जमिनीचं चिनी माप) धान्याची जमीन, बाईला 20 मू, शिवाय तुतीच्या झाडांसाठी वेगळा तुकडा. धान्याची जमीन म्हातारपणी किंवा मृत्यूनंतर सरकारकडे परत. दुसऱ्या वर्षी गावपातळीची घडी बसवली. पाच घरांवर एक मुख्य, पाच मुख्यांवर दुसरा, अशा पाचांवर तिसरा. आपल्याकडच्या पाटील-कुलकर्ण्यांची आठवण व्हावी अशी ही व्यवस्था. फरक इतका की इथे मुख्य हेतू लपलेली माणसं हुडकण्याचा होता. तोवर तीस-तीस, पन्नास-पन्नास घरं एकाच कुटुंबाच्या नावाखाली नोंदलेली असायची. आता शेतकऱ्याला स्वतःच्या नावावर जमीन मिळणार होती, म्हणून नोंदवहीत यायला त्याला काही कारण होतं. केवळ शिपाई पाठवून शिरगणती करणं आणि हे, यांत मोठं अंतर आहे.

सम्राट श्याओवेनने 494 मध्ये राजधानी लोयांगला हलवली, दरबारात तिशीच्या आतल्यांना शियानबेई बोली बंद केली, 496 मध्ये स्वतःचं आडनावही बदलून युआन केलं. हा त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यांत गाजलेला भाग. त्याची किंमतही मोजावी लागली. उत्तर सरहद्दीवरच्या ठाण्यांमध्ये राहिलेले जुने शिपाई मागे पडले, अपमानित झाले, आणि 520 नंतरच्या दशकात त्यांनी बंड केलं. 534 मध्ये राज्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले.

यातला पश्चिमेचा तुकडा गरीब होता. माणसं कमी, जमीन कमी, शियानबेई शिपाई तर फारच कमी. त्याचा कर्ताधर्ता युवेन थाई याने मग स्थानिक हान, म्हणजे मूळ चिनी, जमीनदारांच्या गावठी पथकांनाच आपल्या फौजेत घेतलं, 24 तुकड्यांची नवी सेना उभी केली, आणि हान सेनापतींना शियानबेई आडनावं दिली. यांग जियानचा बाप यांग झोंग हा त्यांपैकीच. त्याला पुलिउरू हे आडनाव मिळालं. पुढे त्याने मुलाचं लग्न लावलं तुगू शिनच्या मुलीशी. तुगू शिनची एक मुलगी चोउ (हे पश्चिमेच्या राज्याचं पुढचं नाव) सम्राटाची राणी झाली आणि एक ली घराण्यात पडली, जिच्या पोटी थांग घराण्याचा संस्थापक जन्मला. दोन जमातींची माणसं एकाच पंगतीला बसायला लागली ती आदर्शवादामुळे नाही. एकट्याने पुरं पडत नव्हतं म्हणून बसली. पूर्वेच्या तुकड्याकडे सगळं मुबलक होतं, त्यांना ही गरज भासली नाही, आणि तिथे दोन गट शेवटपर्यंत एकमेकांचे गळे कापत राहिले. 577 मध्ये पश्चिमेने (आता त्याचं नाव उत्तर चोउ) पूर्व गिळली, तेव्हा एका झटक्यात 30 लाखांवर उंबरे आणि 2 कोटी माणसं त्यांच्या दप्तरात आली.

चेन घराणं खरं कधी हरलं

जुन्या बखरी चेनच्या शेवटाचं खापर फोडतात ते शेवटचा राजा चेन शूबाओ आणि त्याची लाडकी झांग लीह्वा यांच्यावर. 584 मध्ये चंदनाचे तीन महाल, कवींच्या मैफिली, दारू. हे सगळं घडलं असेलच. पण मला ही मांडणी सोयीची वाटते आणि अन्यायाचीही. चेन घराणं जन्मापासून अपुरं होतं.

548 मध्ये होउ जिंग नावाचा उत्तरेतला फुटीर सेनापती लियांग राज्यावर उलटला. जियानखांगला वेढा पडला, ऐंशी ओलांडलेला सम्राट वू 549 मध्ये बंदिवासात उपासमारीने गेला, आणि शहर उद्ध्वस्त झालं. त्या गोंधळात पश्चिमेच्या राज्याने 553 मध्ये सिचुआन घेतलं आणि 554 मध्ये मधल्या यांगत्सेवरचं जियांगलिंग. म्हणजे नदीचा वरचा अर्धा भाग गेला. 557 मध्ये चेन घराणं गादीवर आलं ते या उरल्यासुरल्या मुलखात.

आणि मग त्यांनी केलेली चूक. 573 मध्ये पूर्वेचं राज्य डळमळताना पाहून चेन सेनापती वू मिंगछे याने उत्तरेला चढाई केली आणि ह्वाई नदीपर्यंतचा मुलूख जिंकला. मोठा विजय होता. पण त्यामुळे चोउ राज्याचं काम सोपं झालं, 577 मध्ये त्यांनी पूर्व घेतली आणि लगेच तोंड दक्षिणेकडे वळवलं. 578 मध्ये वू मिंगछे सैन्यासकट पकडला गेला, 579 मध्ये ह्वाई आणि यांगत्से यांमधला सगळा पट्टा गेला. दक्षिणेच्या कुठल्याही सरदाराने सांगितलं असतं की यांगत्से राखायची तर ह्वाई राखावी लागते. 579 नंतर शत्रू समोरच्या काठावर होता, आणि चेन शूबाओ अजून गादीवर यायचा होता.

आठ वर्षांची तयारी

यांग जियान 541 मध्ये एका बौद्ध मठात जन्मला आणि एका भिक्षुणीने त्याला वाढवलं. त्याचं लहानपणचं नाव होतं नालोयेन, म्हणजे आपला ‘नारायण’. बौद्ध परंपरेतल्या बलवान रक्षक देवतेचं नाव. पुढे 601 पासून त्याने अशोकाचा कित्ता गिरवत देशभरच्या प्रांतांत बुद्धाचे अवशेष वाटले आणि स्तूप उभारले.

पण हा माणूस साधू नव्हता. 580 मध्ये चोउ सम्राट गेला तेव्हा तो राणीचा बाप म्हणून कारभारी झाला, विरोधात उठलेलं बंड चिरडलं, त्या बंडाचं केंद्र असलेलं ये शहर जमीनदोस्त केलं, आणि 581 मध्ये लहानग्या सम्राटाला बाजूला सारून स्वतः गादीवर बसला. मग युवेन घराण्याचे राजपुत्र एकेक करून मारून टाकले. स्वतःच्या मुलीचं सासर संपवलं त्याने. हे सांगितल्याशिवाय त्याच्या बाकीच्या कामाचं कौतुक करणं मला बरोबर वाटत नाही.

बाकीचं काम मात्र थक्क करणारं आहे. आधी उत्तरेची पाठ सुरक्षित करायची होती. गवताळ प्रदेशातल्या तुर्क खानांत भाऊबंदकी होती. चांगसुन शेंग नावाचा अधिकारी त्यांच्यात राहून आलेला होता, प्रत्येक खानाचा रागलोभ जाणून होता. त्याच्या सल्ल्याने दूरच्या खानाशी मैत्री आणि जवळच्यावर दाब असं धोरण चाललं, आणि 585 पर्यंत मोठा खान नमला. दरम्यान नवा कायदा आला, एकच नाणं आलं, 583 मध्ये परगण्याची मधली पायरीच रद्द झाली. दहा मेंढ्यांमागे नऊ धनगर झालेत, अशी तक्रार एका मंत्र्याने केली होती, त्यावरचा हा उपाय. आणि 585 मध्ये घरोघरी जाऊन माणसाचा चेहरा नोंदीशी ताडून पाहण्याची मोहीम झाली. वय कमी सांगितलंय का, म्हातारपण खोटं आहे का, चुलत घरं एकाच नावाखाली लपलीत का. एवढ्या एका तपासणीत 4,43,000 पुरुष आणि एकूण 16,41,500 माणसं नव्याने नोंदीत आली. ज्या दक्षिणेवर चाल करायची होती तिची नोंदलेली लोकसंख्या 20 लाख, हे इथे लक्षात घ्या.

मंत्री गाओ ज्योंग याने दक्षिणेला पोखरण्याची युक्ती सुचवली, ती शेतीची जाण असलेल्या माणसाचीच असू शकते. दक्षिणेत भात लवकर कापणीला येतं, उत्तरेत पीक उशिरा. तेव्हा त्यांच्या ऐन कापणीत काठावर थोडी फौज जमवून चढाईची हूल उठवायची. ते माणसं शेतातून काढून किनाऱ्यावर उभी करतील, पीक वाया जाईल. ते जमले की आपण पांगायचं. असं दोन-चारदा झालं की पुढे खरी चढाई झाली तरी त्यांचा विश्वास बसणार नाही. शिवाय दक्षिणेत जमीन ओली, त्यामुळे धान्य जमिनीतल्या पेवांत ठेवत नाहीत, बांबू-गवताच्या कोठारांत ठेवतात. वारा सुटला की माणसं पाठवून ती पेटवायची. पुन्हा बांधली की पुन्हा पेटवायची.

587 मध्ये ह्वाई आणि यांगत्से यांना जोडणारा कालवा साफ करून घेतला. 588 मध्ये चेन शूबाओचे वीस अपराध लिहिलेल्या फर्मानाच्या 3 लाख प्रती काढून नदीपलीकडे पसरवल्या. यांग सूच्या मोठ्या जहाजांना पाच मजले होते, एकेकावर 800 माणसं मावत, आणि सहा लांबलचक दांडके बसवले होते, जे आडवे पाडून शत्रूच्या नावा फोडता येत.

नवं वर्ष

एकूण फौज 5,18,000, सेनापती 90, समुद्रापासून सिचुआनपर्यंत आठ वाटा. नावाचा सरसेनापती सम्राटाचा वीस वर्षांचा मुलगा यांग गुआंग, खरी सूत्रं गाओ ज्योंगच्या हाती.

जियानखांगच्या समोरच्या बाजूला स्वेंचा सेनापती हेरुओ बी होता. त्याने चांगल्या नावा लपवून ठेवल्या आणि पन्नास-साठ मोडक्या होड्या दिसतील अशा बांधून ठेवल्या. ठाण्याची पाळी बदलायची वेळ आली की सगळी माणसं, निशाणं, तंबू एका जागी जमवायचा. पलीकडे धावपळ उडायची, मग कळायचं की पाळी बदलतेय. काही वेळा नुसती शिकारीची हाकाटी. शेवटी पलीकडच्यांनी बघणं सोडून दिलं.

चेन दरबारात मंत्री खोंग फान सांगत होता की यांगत्से हा निसर्गाचा खंदक आहे, त्यांचं सैन्य काय उडत येणार? नव्या वर्षाच्या समारंभासाठी नदीतल्या लढाऊ नावाही राजधानीत बोलावून घेतल्या होत्या. 589 च्या पहिल्या दिवशी दाट धुकं होतं. हेरुओ बी त्या धुक्यात पार झाला. वरच्या बाजूला दुसरा स्वे सेनापती हान छिनहू 500 माणसं घेऊन रात्री साइशीच्या कड्यापाशी उतरला. पहारेकरी सणाची दारू पिऊन पडलेले. चेन शूबाओ त्या दिवशी दुपार टळेपर्यंत झोपून होता.

दक्षिणेत लढणारे नव्हते असं नाही. वर घळईत चेन सैन्याने नदीत तीन साखळ्या टाकून यांग सूला अडवलं, चाळीसहून जास्त चकमकी झाल्या, स्वेंची पाच हजारांवर माणसं पडली. वू यानच्या साखळ्यांची ही पुनरावृत्ती वाचताना अंगावर येते. या वेळी त्या वितळवून काम झालं नाही. यांग सूने पकडलेले कैदी पुन्हापुन्हा सोडून दिले, आणि प्रतिकार हळूहळू विरला. हानखौला चोउ लोहोउ नावाच्या सेनापतीने महिनाभर स्वे फौज रोखून धरली. राजाच्या हातची चिठ्ठी आल्यावरच तो शरण गेला, आणि तीन दिवस रडत होता म्हणतात.

राजधानीत लाखभर सैन्य होतं. ते शहराबाहेर वीस ली (ली हे अंतराचं चिनी माप) लांब ओळीत उभं राहिलं, पण एका टोकाला काय चाललंय ते दुसऱ्या टोकाला कळेना. खोंग फानची तुकडी सगळ्यांत आधी पळाली. एका सेनापतीने हान छिनहूला वेस उघडून दिली. राजवाड्यातल्या विहिरीत शिपायांनी हाका मारल्या, उत्तर आलं नाही, दगड टाकायची धमकी दिल्यावर आवाज आला. दोर ओढताना भलताच जड लागला. वर आले तिघं, राजा आणि त्याच्या दोन स्त्रिया, त्यांतली एक झांग लीह्वा. राजाला पंधरा वर्षं मानाने सांभाळलं, तो 604 मध्ये आपल्या मरणाने गेला. झांग लीह्वाचं डोकं मात्र तिथल्या तिथे उडवलं. एकाच दोराने वर आलेल्या या दोघांचा न्याय असा वेगवेगळा झाला.

जिंकल्यानंतरची चूक, आणि ती सुधारणं

जियानखांगचे वाडे, तटबंदी पाडून तिथे नांगर फिरवला. उत्तरेची व्यवस्था जशीच्या तशी लादायला सुरुवात झाली. मंत्री सू वेइ याने ‘पाच शिकवणी’ नावाचा नीतिपाठ तयार केला, म्हाताऱ्या-तरण्या सगळ्यांनी तो पाठ म्हणायचा. त्यातच अफवा उठली की सगळ्यांना उचलून उत्तरेत नेणार. 590 मध्ये जवळजवळ सगळी जुनी चेन भूमी पेटली. बंडवाल्यांनी अधिकाऱ्यांना ठार करताना विचारलं, आता आणखी पाठ म्हणायला लावशील?

दक्षिण जिंकायला दोन महिने लागले होते. ती गमवायला दीड वर्ष पुरलं असतं. यांग सूने बंड रक्त सांडून मोडलं. पण त्यानंतर जे झालं त्याकडे मी या प्रकरणाचा खरा निर्णायक भाग म्हणून बघतो. यांग गुआंगला जियांगदू (आजचं यांगचौ) इथे सुभेदार म्हणून बसवलं, आणि तो तिथे जवळपास दहा वर्षं राहिला. त्याची बायको लियांग राजघराण्यातली, म्हणजे दक्षिणेचीच लेक. तो तिथली बोली शिकला, दक्षिणेच्या विद्वानांना जवळ केलं, आणि 591 मध्ये थिएनताई या बौद्ध पंथाचा आचार्य चिइ याच्याकडून बोधिसत्त्व-व्रत घेतलं. जिंकणाऱ्याने हरलेल्यांच्या गुरूसमोर गुडघे टेकले. पुढे हाच यांग गुआंग जुलमी सम्राट म्हणून बदनाम झाला, पण या दहा वर्षांचं श्रेय त्याच्याकडून काढून घेऊ नये.

अगदी दक्षिणेला, आजच्या ग्वांगडोंगकडे, फौजेची गरजही फारशी पडली नाही. तिथल्या टोळ्यांची प्रमुख शियान बाई होती, वयस्क आणि सगळ्यांच्या विश्वासातली. चेन शूबाओची चिठ्ठी आणि तिने पूर्वी चेन दरबाराला भेट दिलेली गेंड्याच्या शिंगाची काठी तिला दाखवली, तेव्हा तिला पटलं की चेन खरंच संपलं. ती रडली, आणि मग नातवाला स्वे अधिकाऱ्याच्या स्वागताला पाठवलं. 590 च्या बंडाळीत ती चिलखत घालून स्वतः घोड्यावर निघाली, स्वेंच्या बाजूने.

आणखी एक बैठक मला विसरता येत नाही. स्वे राजवटीच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांत, दक्षिण जिंकण्याच्याही आधी, लू फायान नावाच्या विद्वानाच्या वडिलांच्या घरी आठ पाहुणे रात्री बसले होते, आणि बोलणं शब्दांच्या उच्चारांवर आलं. उत्तरेत असं म्हणतात, दक्षिणेत तसं, बरोबर काय? त्यांत यान झिथुई होता. दक्षिणेत वाढलेला, 554 मध्ये जियांगलिंग पडलं तेव्हा कैदी होऊन उत्तरेत नेलेला, तिथून पुराच्या पाण्यात नावेतून पूर्वेच्या राज्यात निसटलेला, इतक्यात मायदेशी चेन घराणं आल्यामुळे परतीची वाट बंद झालेला. तीन राज्यं त्याच्या डोळ्यांसमोर बुडाली होती. लियांग राजवंशातला शियाओ गाइही तिथे होता. लू फायानने दिव्याखाली टिपणं घेतली आणि 601 मध्ये त्यातून ‘छ्येयुन’ हा उच्चारकोश झाला. त्यात कुठल्याच एका शहराची बोली प्रमाण मानली नाही. जिथे कुणी एक भेद पाळत होतं तो भेद राखला. थांग काळात परीक्षेच्या कविता याच कोशाच्या आधाराने लिहिल्या गेल्या. उत्तरेची तलवार जिंकली होती, पण उच्चाराच्या बाबतीत उत्तर आणि दक्षिण एका पानावर बसले.

605 पासून 610 पर्यंत यांग गुआंगने, आता सम्राट म्हणून, लोयांगपासून हांगचौपर्यंत आणि उत्तरेला आजच्या बीजिंगच्या परिसरापर्यंत कालवे जोडले. लाखो वेठबिगार त्यात राबले आणि मेले. 609 च्या नोंदीत 89 लाख उंबरे आणि 4 कोटी 60 लाख माणसं आहेत. मग 612, 613 आणि 614 च्या कोरियावरच्या मोहिमा, त्यात बुडालेलं सैन्य, देशभरची बंडं, आणि 618 मध्ये जियांगदूलाच त्याचा त्याच्याच रक्षकांनी केलेला खून. (आपल्या महाराष्ट्राचं वर्णन लिहून ठेवणारा ह्युएन त्संग तेव्हा लोयांगमधला कोवळा भिक्षू होता, या धामधुमीत त्याला छांगआन आणि मग सिचुआन गाठावं लागलं.)

आता परीक्षेची वेळ होती. 617 मध्ये दक्षिणेत शियाओ शियेन नावाच्या माणसाने लियांग घराण्याचं नाव पुन्हा पुकारलं. तो त्या राजवंशाचाच होता, राजधानी जियांगलिंग, मधल्या यांगत्सेपासून दक्षिण समुद्रापर्यंत त्याचा अंमल, फौज चार लाख म्हणवली जायची. 317 मध्ये सिमा रुइकडे यापेक्षा कमी होतं, आणि त्याचं घराणं शंभर वर्षं टिकलं. शियाओ शियेन चार वर्षं टिकला. त्याचे सेनापती त्याला राजा म्हणत, पण कुणालाही जुनं दक्षिणेचं राज्य परत उभं करायची ओढ नव्हती.

621 च्या शरद ऋतूत, स्वेंच्या जागी आलेल्या थांग घराण्याचा सेनापती ली जिंग त्याच घळईतून पुराच्या पाण्यावर उतरला. जियांगलिंगजवळ शियाओ शियेनच्या शेकडो नावा त्याच्या हाती लागल्या. त्याचे अधिकारी म्हणाले, या वापरू या. ली जिंगने त्या रिकाम्या नावा प्रवाहात सोडून दिल्या. खालून मदतीला येणाऱ्या तुकड्यांनी मालकाविना वाहत येणाऱ्या नावा पाहिल्या, जियांगलिंग पडलं असं समजून त्या जागच्या जागी थांबल्या. शियाओ शियेनने वाट पाहिली, मग माझ्या एकट्यासाठी लोकांचे हाल नकोत म्हणत वेस उघडली.